उतारावरचा पाढा

वटपौर्णिमा जवळ आली की मला भीती वाटू लागते. हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. ज्येष्ठातला चंद्र मोठा होऊ लागला की महाडच्या बाजारात फणसाचे गरे, जांभळं आणि उरलेसुरले रायवळ आंबे टोपल्यांतून येऊन बसतात. किराणा दुकानांच्या दारात पांढऱ्या सुताच्या गुंड्या टांगल्या जातात. आमच्या आळीतल्या सुना ठेवणीतल्या साड्या काढून वाऱ्यावर टाकतात, आणि त्यांच्यातली एखादी दारातून डोकावून विचारते, "काकू, येणार ना वडावर?" मी म्हणते, "गुडघे दुखतात गं, तुम्ही जाऊन या." गुडघे दुखतात हे खरं आहे. पण ते धड होते तेव्हाही मी जात नव्हते.

मला त्या गुंड्यांकडे बघवत नाही. इतकं बारीक सूत. बोटानं ओढलं तर तुटेल. आणि बायका त्यानं माणूस बांधून ठेवायला निघालेल्या असतात.

माझं बालपण याच गावात, सावित्रीच्या काठी गेलं. वडिलांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान होतं. पावसाळ्यात नदी तांबडी होऊन पायऱ्यांपर्यंत यायची, एखाद्या वर्षी पायऱ्याही चढायची. तेव्हा वडील खालच्या फळीवरची भांडी वरच्या फळीवर ठेवू लागत, आणि मी किती पायऱ्या उरल्या ते मोजत बसे. नदीचं नाव सावित्री आणि गोष्टीतली बाईही सावित्री, म्हणून मला वाटे, यमाच्या मागे गेली ती हीच. त्याशिवाय का एवढी धावते? वडील म्हणत, "ती नव्हे. ही ब्रह्मदेवाची बायको, महाबळेश्वराहून उतरते. ती राजाची मुलगी." मला ते कधी पटलं नाही. अंथरुणावर पडलं की पुराचा आवाज ऐकू यायचा आणि वाटायचं, कुणीतरी कुणाच्या तरी मागे धावतंय, आणि पुढचा थांबत नाहीये.

गोष्ट मला सांगितली ती आत्यानं. ही वडिलांची थोरली बहीण, लग्न होऊन दोन पावसाळे होतात न होतात तोच कपाळ पुसून माहेरी आलेली. वटपौर्णिमेला आई आणि काकू नटूनथटून वडावर जात, तेव्हा आत्या मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसे आणि मी तिच्याजवळ. सत्यवान रानात लाकडं तोडतो, त्याचं डोकं दुखायला लागतं, तो सावित्रीच्या मांडीवर डोकं टेकतो. मग तांबडं वस्त्र नेसलेला एक काळा पुरुष येतो. त्याच्या हातात फास असतो. अंगठ्याएवढा जीव तो ओढून काढतो आणि दक्षिणेच्या वाटेला लागतो. सावित्री मागून चालते. तो म्हणतो, परत जा. ती जात नाही, बोलत राहते. बोलण्यात त्याला गुंतवते. सासऱ्याचे डोळे मागते, राज्य मागते, शेवटी मुलं मागते. तो दिली म्हणून मोकळा होतो, आणि ती विचारते, नवऱ्यावाचून मुलं कशी व्हायची?

यम असा फसला की ऐकायला आलेल्या शेजारच्या मुली हसत. मला हसू येत नसे. मला भिववी तो त्याच्या आधीचा भाग. सावित्रीला लग्नाआधीच ठाऊक होतं, हा माणूस वर्षानं जाणार. वर्षभर ती त्याला जेवायला वाढत होती, त्याची वाट बघत होती, आणि मनात दिवस मोजत होती.

"आत्या, तिला झोप कशी येत असेल?"

"येत नसेल," आत्या म्हणाली.

"मग तू का नाही गेलीस यमाच्या मागे?"

मी सहा-सात वर्षांची होते. आपण काय विचारतोय हे मला कळत नव्हतं. आत्यानं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "सूत मीही गुंडाळलं होतं," ती म्हणाली. "पण ते गेले तेव्हा मी इथं होते, माहेरपणाला. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. मागे जायला वाट कुठे होती?"

व्रत, फेरे, उपास हे सगळं मी पुढे आईकडून शिकले. पण त्या दुपारी पडवीत जे शिकले ते जास्त खोल गेलं. माणसाजवळ असायला हवं. बाकी काही आपल्या हातात असो नसो.

माझं लग्न झालं ते साठ सालाच्या आसपास. हे पोलादपूर तालुक्यातले, प्राथमिक शाळेत मास्तर, आणि त्यांची नेमणूक कुडपणला. कुडपण म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं गाव. खालून बघितलं तर तिथं वस्ती असेल असं वाटायचं नाही. मी बाजारपेठेत वाढलेली. तिथल्या शांततेनंच दडपून गेले. घरं लांब लांब, मध्ये नाचणीची आणि वरीची वावरं, आणि रोहिणी सरल्या की दरीतून धुकं चढून यायचं ते थेट चुलीपर्यंत. शाळा म्हणजे एक खोली. तिच्या मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. मधली भिंत कुडाची. सकाळी मी भाकऱ्या थापत असायचे आणि पलीकडे मुलं पाढे म्हणायची, सगळी एका सुरात, पावसाच्या आवाजावर आवाज चढवून. एखादं मूल चुकलं की ह्यांचा आवाज यायचा, "पुन्हा." चिडून नाही, पण चूक ऐकून गप्प बसणं त्यांना जमतच नसे. मी जेवताना उगाच म्हणून एखादा आकडा चुकवला तरी घास हातात ठेवून दुरुस्त करत.

गावातले बहुतेक पुरुष मुंबईला. मला आधार होता तो शेजारच्या सोनूकाकीचा. तिचा नवरा गिरणीत होता, दिवाळी-शिमग्याला यायचा. तिनंच मला डोंगरातलं राहणं शिकवलं. लाकडाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं ढवळायचं, कांबळं झटकून घ्यायचं, उन्हाळा सरताना आणि पाऊस लागताना तर फार जपायचं. लाल विंचू दगडाखालून बाहेर पडतो तो याच दिवसांत.

"काळा मोठा आसतो त्याला भिऊ नको गो," ती म्हणाली होती. "बारीक, तांबडा, त्याला भी. आनि येक ध्यानात ठेव. चावल्यावर कळ हाय तवर मानूस हाय. कळ थांबली आनि घाम सुटला, का मंग वंगाळ."

लग्नानंतरची ती पहिलीच वटपौर्णिमा. मी पहाटे न्हाऊन लग्नातलं हिरवं लुगडं नेसले होते. ताटात आंबा, जांभळं, हळदकुंकू, सूत. बायका वडावर जमत होत्या आणि मी निघणारच होते. शाळेत मुलं येऊ लागली होती. ह्यांनी कोपऱ्यातली तरटाची गुंडाळी सोडायला घेतली. बारक्या आवाजातलं एक "अगं आई" मला कुडाच्या भिंतीतून ऐकू आलं. मुलाचा आवाज वाटावा इतकं बारीक. मग पोरं ओरडत बाहेर पडली.

उजव्या हाताचं बोट. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, सुई टोचल्यासारखा एक ठिपका. हे भिंतीला टेकून बसले होते आणि कळ दाबायला दात आवळत होते. गोविंदा म्हणून गावात एक शेतकरी होता, तो विंचू उतरवायचा. तो धावत आला, मंत्र म्हणत हातावरून पाला उतरवू लागला. थोड्या वेळानं ह्यांचा चेहरा सैल झाला. "बरं वाटतंय," ते म्हणाले. "कळ गेली."

मी सोनूकाकीकडे पाहिलं. तिनं माझी नजर चुकवली.

मग घाम आला. असा घाम मी कधी पाहिला नव्हता. सदरा अंगाला चिकटला, केसांतून पाणी गळायला लागलं, आणि हात लावावा तर हात गार, नदीतल्या गोट्यासारखा. उलटी झाली. मग कोरडा खोकला सुरू झाला. गोविंदानं हातातला पाला खाली ठेवला. "माझ्या हातचं नाय बाय," तो म्हणाला. "मास्तरला खाली न्यायाला हवा. पोलादपूरला. आत्ता."

वडावर थांबलेल्या बायका एव्हाना आमच्या अंगणात आल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "मानसं नेतील त्याला. तू वडावर जा गो. फेरे घाल. त्याच्यासाटीच तर हाय ना आजचा दिस? आज वडाला पाठ फिरवू नको." कुणी तिला अडवलं नाही. सगळ्यांना तेच वाटत होतं. मलाही वाटत होतं. मी व्रत मोडलं आणि ह्यांचं काही झालं, तर ते माझ्यामुळे झालं असं लोक म्हणतील, आणि त्यांच्याआधी मी स्वतःला म्हणेन. पण पाय उचलेनात. मागे जायला वाट कुठे होती, असं म्हणणारी आत्या डोळ्यांपुढे होती.

"मी ह्यांच्याबरोबर जाणार," मी म्हटलं.

सोनूकाकीनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "जा," ती म्हणाली. "तुझं सूत मी घालते."

चौघांनी बांबूला कांबळं बांधून झोळी केली आणि ह्यांना तीत निजवलं. निजवल्याबरोबर ते धडपडून उठू लागले. डोळे बाहेर आले. छातीतून घुरघुर ऐकू येत होती, पाण्यात भांडं बुडताना यावी तशी. बसवलं की जरा निवायचे. आडवे केले की पुन्हा तेच.

"ह्यांना बसवूनच न्यायचं," मी म्हणाले.

"बसवून कसा न्यायाचा? मानूस आडवाच नेतात," एक म्हातारा म्हणाला. आणि बोलून झाल्यावर त्यालाच कळलं आपण काय बोललो ते.

शाळेत एकच खुर्ची होती, मास्तरांची. गोविंदानं ती आणली, दोन बांबूंच्या मध्ये कासऱ्यानं करकचून बांधली. ह्यांना तीत बसवलं आणि माझं जुनं लुगडं छातीवरून घेऊन पाठीशी गाठ मारली. अशी वरात निघाली. पुढे दोघं, मागे दोघं, आणि त्यांच्या मागे मी.

आम्ही ऐकतो त्या गोष्टीत सावित्रीचं चालणं एका वाक्यात संपतं. ती चालली. तिच्या पायांचं काय झालं, वाट कशी होती, ती घसरली का, हे कुणी सांगत नाही. मी घसरत होते. वाट म्हणजे पावसानं धुतलेला दगडांचा उतार, मध्येच कमरेइतकं गवत, मध्येच धडधडणारा पऱ्या. पऱ्यात उतरताना चौघं खुर्ची खांद्याच्या वर उचलत, आणि पाण्यावर तरंगणारं ह्यांचं डोकं तेवढं मला दिसे. पाऊस नव्हता, पण धुकं इतकं की एरवी मागच्या दोघांपलीकडचं काही दिसत नव्हतं. मी दिसण्यावर नाही, ऐकण्यावर चालले होते. खोकला ऐकू आला की जीव भांड्यात पडायचा. तो थांबला की अंगातलं रक्त थांबायचं. एकदा फार वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी धावत पुढे गेले. डोकं एका बाजूला कललेलं. ओठांवर फेस, गुलाबीसर.

"अहो," मी म्हटलं. "अहो." उत्तर नाही.

रामाचं नाव घ्यायला जीभ रेटेना. ते शेवटच्या वेळी घेतात. देवीचं स्तोत्र आठवेना. बोलत राहायला हवं एवढंच डोक्यात होतं, आणि त्या घाबरलेल्या डोक्यात दुसरं काही सापडलं नाही तेव्हा रोज सकाळी कुडाच्या भिंतीतून येणारं तेच तोंडात आलं. "सतरा एके सतरा," मी म्हणायला लागले. "सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक चोपन्न."

मला खरंच आठवत नव्हतं. मी चुकले होते.

खुर्चीतून घोगरा आवाज आला. "एक्कावन्न."

बांबू धरलेला गोविंदा थबकला. मीही. मग मी पुढचं म्हटलं, "सतरा चोक अडुसष्ट." उत्तर नाही. बरोबर होतं ना ते. "सतरा पंचे नव्वद," मी म्हणाले, या वेळी जाणूनबुजून. थोडा वेळ गेला. किती ते मला आजही सांगता येणार नाही; त्या थोड्या वेळात मी आत्याच्या पडवीत जाऊन बसले होते, तांदूळ निवडत होते. मग आवाज आला, "पंच्याऐंशी. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकवलं. सतरा झाला की अठरा, अठरा झाला की एकोणीस. पायाखालची वाट घसरत होती आणि मी आकड्यांची वाट वाकडी करत चालले होते. प्रत्येक चुकीनंतर कान देऊन थांबायचं. उत्तर येईल की नाही. एकदा त्यांनी नुसती मान हलवली. एकदा नुसतं बोट. एकदा काहीच केलं नाही, आणि मी ओरडले, "मास्तर, ही चूक चालेल का?" तेव्हा डोळे किंचित उघडले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाकडे पाहावं तसं. त्या नजरेसाठी मी आणखी दहा डोंगर उतरले असते.

पोलादपूरचा सरकारी दवाखाना नदीपासून लांब नव्हता. तिथले डॉक्टर तरुण होते, घाटावरचे. त्यांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, आणि माझ्याशी खरं बोलले. "विंचवावर म्हणून माझ्याजवळ औषध नाही. हृदयाला आधार द्यायचं इंजेक्शन देतो. बसवून आणलंत ते चांगलं केलंत. आता निजवू नका. आजचा दिवस काढला तर बघू."

भिंतीशी लावलेली खाट होती, पण भिंत ओली, गार. मी खाटेवर चढले, ह्यांच्याकडे पाठ करून बसले आणि माझ्या पाठीला त्यांची पाठ टेकवली. पलीकडून उशा दिल्या. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. पण प्रत्येक श्वास माझ्या पाठीच्या कण्यातून कळत होता. उथळ, भरभर, मध्येच अडकणारा. अडकला की मी माझा श्वास धरून ठेवी. सावित्रीचा आवाज येत होता, लहानपणी यायचा तसाच. तिकडे वर कुडपणच्या पलीकडून, महाबळेश्वराच्या कड्यांवरून पाणी सुटलं होतं आणि ते आमच्या अंगावरून महाडकडे, माझ्या माहेराकडे चाललं होतं. मी आयुष्यात इतकी भ्याले नव्हते आणि इतकी स्थिरही बसले नव्हते. हलले तर तो अडकणारा श्वास तुटेल, असं वाटत होतं.

उन्हं कलली असावीत, कारण खिडकीतला उजेड पिवळा झाला. पाठीवरचा श्वास लांब व्हायला लागला. मला आधी वाटलं, हे शेवटचं. मी गच्च डोळे मिटले. मग पाठीमागून आवाज आला, थकलेला पण नेहमीचा.

"एकोणीस सक एकशे चौदा. तू सोळा म्हणालीस."

मला रडू आलं नाही. दवाखान्यातल्या बाईनं मला कपात चहा दिला तो अर्धा लुगड्यावर सांडला. उपास होता हे मला चहा पिऊन झाल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी निरोप पोचून वडील महाडहून आले. त्यांच्याबरोबर आत्या. अशा वेळी तिनं यावं की नाही यावर घरात बोलणं झालं असणार. ती ते न ऐकता आली असणार. ह्यांना झोप लागली होती, बसल्या बसल्याच. आत्या खाटेपाशी उभी राहिली आणि ह्यांची छाती वरखाली होताना बघत राहिली. बराच वेळ. मग मला म्हणाली, "जवळ होतीस."

एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं की दुसरं काही, ते मला तेव्हा उलगडलं नाही. आज वाटतं, तिनं तिच्या नवऱ्याचा मृत्यू त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला असावा, माझ्या नवऱ्याच्या जगण्यात.

लोक पुढे म्हणत राहिले, मास्तरणीनं सावित्रीसारखा नवरा परत आणला. मला ते ऐकून कसंसं होतं. त्या वर्षीच, महिन्याभरानं, आमच्या नातेवाइकांच्या एका गावात एका लेकुरवाळ्या बाईचा नवरा तसल्याच विंचवानं गेला. ती काय कमी जवळ बसली असेल? तिला काय पाढे येत नव्हते म्हणून तो गेला? गोविंदा म्हणायचा, विष कमी भिनलं. डॉक्टर म्हणाले, तरुण हृदय, टिकलं. सोनूकाकी म्हणायची, मी तुझं सूत घातलं, तुझ्या नावानं घातलं, माझ्या आधी घातलं. मी तिघांनाही मान डोलावत असे. मला एवढंच ठाऊक आहे की त्या उतारावर माझ्यापुढे कुणीतरी चाललं होतं आणि मला त्याची पाठ दिसत होती. ते हे होते की दुसरा कुणी, हे धुक्यात नीट कळलं नाही.

ती भीती मग गेलीच नाही. लोकांना वाटतं, संकट टळलं की भीती टळते. माझी घरातच राहिली, एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखी, कोपऱ्यात. मुलं झाली, ह्यांची बदली झाली, नोकरी संपली, आम्ही महाडला येऊन राहिलो. आता ह्यांचे सगळे केस पांढरे झालेत. कान कमी ऐकतात. पण दुपारी जेवण झालं की खिडकीपाशी आरामखुर्चीत टेकतात आणि तिथंच डोळा लागतो, आणि मी हातातलं काम ठेवून येते. पडदा सावरायच्या निमित्तानं, कधी पंखा लावायच्या निमित्तानं. उभी राहते. सदऱ्याची बटणं हलताहेत का ते बघते.

काल बायका वडावर गेल्या, गल्ली सामसूम झाली, तेव्हाही मी अशीच येऊन उभी होते. बटणं हलत नव्हती. मी वाकले. आणखी वाकले.

"आहे मी," डोळे न उघडता हे म्हणाले. "बघून झालं का?"

"झालं."

"मग चहा टाक."

मी आत निघाले. दारापाशी पोचल्यावर एकदा वळून पाहिलं.